नुसतं बाळगणं आणि वाटण्यासाठी बाळगणं: अमेरिकेच्या फेडरल कायद्यातले दोन वेगळे गुन्हे

भारतातल्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या बातम्या वाचून आपल्या डोक्यात एक हिशेब बसलेला असतो: माल किती, त्यावर शिक्षा. गांजा २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण, म्हणजे किमान १० वर्षं. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याला हाच हिशेब लावला की सगळं चुकतं. तिथे आधी हेतू ठरतो, वजनाची पाळी त्यानंतर येते.

नुसतं जवळ बाळगणं कलम ८४४ खाली येतं. पहिल्या वेळी जास्तीत जास्त १ वर्ष कैद आणि किमान १,००० डॉलर दंड. दुसऱ्या वेळी १५ दिवस ते २ वर्षं, त्यापुढे ९० दिवस ते ३ वर्षं. राज्याच्या कोर्टात आधी झालेली ड्रग्जची शिक्षाही या मोजणीत धरतात. ड्रग्जच्या गुन्ह्यात पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर न्यायाधीश दोषसिद्धीची नोंद न करता जास्तीत जास्त वर्षभराच्या देखरेखीवर सोडू शकतात.

वाटण्याच्या हेतूने बाळगणं म्हणजे कलम ८४१, आणि इथे आकडे एकदम बदलतात. कोकेन किंवा हेरॉइन दोन-चार ग्रॅमच असलं तरी कमाल शिक्षा २० वर्षं. कोकेन ५०० ग्रॅम, हेरॉइन १०० ग्रॅम किंवा फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी तीव्र असं कृत्रिम ड्रग) ४० ग्रॅम झालं की किमान ५ आणि कमाल ४० वर्षं. याच्या दहापट झालं की किमान १० वर्षं ते जन्मठेप. त्या मालाने कुणाचा जीव गेल्याचं सिद्ध झालं, तर किमान २० वर्षं. फेडरल शिक्षेत १९८७ च्या नोव्हेंबरनंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल नाही; चांगल्या वर्तनाची सूट मिळते, तीही वर्षाला ५४ दिवसांपर्यंतच.

वजनाच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज शुद्धतेचा आहे. कायदा भेसळीसकट अख्ख्या मिश्रणाचं वजन धरतो. प्रत्येकी ०.१ ग्रॅमच्या ४०० बनावट गोळ्या म्हणजे ४० ग्रॅम. त्यात खरं फेंटानिल चिमूटभर असलं तरी ५ वर्षांची रेषा गाठली. मेथचं (मेथॅम्फेटामिन) मात्र वेगळं: शुद्ध ५ ग्रॅम किंवा मिश्रण ५० ग्रॅम, यातलं जे आधी भरेल ते.

मग हेतू सिद्ध कसा करतात? कबुली लागत नाही. छोटा वजनकाटा, रिकाम्या पुड्या, सुट्ट्या नोटांची बंडलं, फोनवरचे भावाचे मेसेज, उधारीची वही, आणि स्वतः सेवन करण्याचं साहित्य मात्र कुठेच नाही, अशा गोष्टी एकत्र मांडतात. माल अंगावरच सापडायला हवा असंही नाही; गाडीच्या डिकीत किंवा खोलीत असला आणि त्यावर तुमचं नियंत्रण दाखवता आलं, तर तो ताबाच. हेतू ज्युरीला पटला नाही, तर ८४१ ऐवजी ८४४ वर निभावू शकतं. किमान शिक्षा लागू करणारं वजनही ज्युरीपुढेच निःसंशय सिद्ध करावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं.

वाटणं म्हणजे विकणंच, असंही समजू नका. चौघांनी पैसे काढले आणि एकाने जाऊन सगळ्यांसाठी गोळ्या आणल्या, तर नफा शून्य असला तरी आणणाऱ्यावर ८४१ लागू शकतं. अपवाद गांजाचा: थोडासा गांजा मोबदला न घेता दिला, तर ते प्रकरण ८४४ प्रमाणेच हाताळतात.

विद्यार्थी व्हिसा, एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या मुलांसाठी ‘नुसतं बाळगणं’ हा दिलासा फार तोकडा आहे. स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा, तोही एकदाच, एवढं सोडलं तर ड्रग्जच्या कोणत्याही दोषसिद्धीवर देशाबाहेर काढता येतं. त्यातही गुन्हा कबूल करून देखरेखीवर सुटलेल्याला इमिग्रेशन कायदा दोषीच धरतो, मग फौजदारी कोर्टाने नोंद केलेली नसली तरी. हद्दपारीचा धोका वकिलाने अशिलाला सांगितलाच पाहिजे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दिला. म्हणून कबुलीजबाबाच्या कागदावर सही करण्याआधी फौजदारी वकिलाला इमिग्रेशन वकिलाशी बोलायला लावा आणि कबुली नेमक्या कोणत्या कलमाखाली आहे, ते त्याच्याकडून लेखी घ्या.