झोपेच्या गोळीने आलेली जाग

‘कोमातला माणूस झोपेच्या गोळीने बोलू लागला’ हा निरोप व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागलाय, खाली ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’ आहेच. घटना खरी आहे. फक्त तो माणूस कोमात नव्हता, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

नेदरलँड्समधल्या 37 वर्षांच्या या रुग्णाच्या घशात मांसाचा तुकडा अडकला होता. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि पुढची आठ वर्षं तो जागा असूनही गप्प, निश्चल राहिला. डोळे उघडे, पण आपणहून एक शब्द नाही की हालचाल नाही. या अवस्थेला ‘अकायनेटिक म्युटिझम’ म्हणतात. डॉक्टरांनी झोल्पिडेम ही झोपेची साधी गोळी दिली. वीसेक मिनिटांत तो बोलू लागला. चाकांची खुर्ची कशी चालवायची, असं त्याने नर्सला विचारलं आणि खायला फास्ट फूड मागितलं! 2020 साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याआधी, 2000 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनीही अशीच नोंद केली होती.

झोपवणारं औषध जागं कसं करतं? मेंदूच्या मधोमध थॅलॅमस असतो. त्याचा मधला भाग पुढच्या मेंदूला सतत चेतवत ठेवतो. बोलावंसं, उठावंसं वाटणं त्यावर अवलंबून असतं. या थॅलॅमसवर ग्लोबस पॅलिडस नावाच्या, मेंदूतल्याच चेतापेशींच्या गाठीचा पहारा असतो. तिच्या पेशी ‘गाबा’ हे रसायन सोडून त्याला दाबून ठेवतात. पहारेकऱ्याला आवरायचं काम स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्याच आणखी एका भागाचं. पण स्ट्रायटमच्या पेशी भारी आळशी: थॅलॅमस आणि पुढच्या मेंदूकडून भरपूर संदेश आले तरच त्या चालतात. इजा झाली की संदेश आटतात, स्ट्रायटम गप्प होतो, पहारेकरी मोकाट सुटतो, थॅलॅमस आणखी दबतो आणि संदेश आणखी आटतात. न्यूयॉर्कचे मेंदूतज्ज्ञ निकोलस शिफ यांनी मांडलेलं हे दुष्टचक्र.

आता गोळी. गाबा पेशीवरच्या ज्या जागांना चिकटतं, त्यांना ग्राही म्हणतात. त्यांच्यात ‘अल्फा-1’ घटक असलेला एक प्रकार आहे, झोल्पिडेम मुख्यतः त्यालाच चिकटतं. मग गाबामुळे पेशीत जास्त क्लोराइड शिरतं आणि पेशी थंडावते. हे ग्राही ग्लोबस पॅलिडसमध्ये भरपूर असतात. म्हणजे गोळी पहारेकऱ्यालाच झोपवते! निदान शिफ यांच्या मांडणीनुसार तरी. डच रुग्णाच्या मेंदूच्या चुंबकीय नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली: गोळीआधी मेंदूचे अनेक भाग गरजेपेक्षा जास्त एकसुरात स्पंदत होते, गोळीनंतर तो गोंगाट ओसरला.

मात्र हा परिणाम तासा-दोन तासांत ओसरतो, आणि लागोपाठ गोळ्या दिल्या तर घटत जातो. शिवाय यंत्रणा शाबूत पण दबलेली असेल तरच उपयोग. मेलेल्या पेशी कोणतीही गोळी उठवत नाही. 2014 मध्ये अमेरिकेत जाणीव हरपलेल्या 84 जणांवर चाचणी झाली. स्पष्ट प्रतिसाद दिला चौघांनी. उरलेल्या 80 जणांचे निरोप कोणी फिरवत नाही.

त्या मानाने ॲमॅन्टाडीनचा पुरावा भक्कम. हे मुळात फ्लूचं औषध. पार्किन्सनच्या एका रुग्णाला फ्लूसाठी देताना तिचा कंप कमी झाला, तेव्हा त्याचा दुसरा गुण कळला. ते मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाला हातभार लावतं. डोक्याला मार लागून 4 ते 16 आठवडे झालेल्या 184 रुग्णांवरची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांच्या उपचारात औषध घेणारे हे, औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगाने सुधारले, पण ते थांबवल्यावर दोन आठवड्यांत दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले.

आपल्याकडे लकवा मारला की कबुतराचं रक्त चोळणारे आहेत, त्यांना आपण हसतो. पण ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून सर्रास लिहून दिलं जाणारं सिटिकोलीनही 2012 मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक पक्षाघाताच्या आणि एक डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरची, बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याचं बिल मात्र कबुतरापेक्षा बरंच मोठं येतं.

आणि झोल्पिडेम घरी देऊन बघू नका. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही, आणि गिळता न येणाऱ्या माणसाला गुंगी आणणं धोक्याचं असतं. देऊन बघायचंच तर ते रुग्णालयात, मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.