हलगी, पेटी आणि पाटी

हलगी वाजवायच्या आधी ती शेकावी लागते. जत्रेच्या दिवशी देवळामागं तुराट्यांचा जाळ करतात. कडं हातात धरून कातडं जाळावरून फिरवत राहायचं, मधूनच बोटानं टिचकी मारून आवाज बघायचा, सैल वाटला की पुन्हा जाळावर. किती तापलं म्हणजे आवाज कडक निघतो आणि कुठं हात आवरला नाही तर कातडं फाटतं, हे सात-आठ वर्षांचं पोरगं बापाशेजारी उकिडवं बसून शिकतं. हे शिक्षणच आहे. त्याला पाटी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, एवढंच.

आमच्या गावच्या शाळेत माझ्या वर्गात अशा घरातली दोन पोरं होती. गॅदरिंगचं समूहगीत बसवायचं म्हटलं की गुरुजी पेटी काढायचे आणि ज्यांचे उच्चार 'शुद्ध' ती मुलं पुढं बसवायचे. ही दोघं त्या गाण्यात कधीच नव्हती. त्यांचे वडील मात्र पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीपुढं हलगी वाजवत चालायचे. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. आज ते आठवलं की मनाला लागतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून शाळेत स्थानिक कलांना जागा देण्याविषयी बरंच बोललं जातं. ही जागा आजवर का नव्हती, हे कळायला मागं जावं लागतं.

मराठवाड्यात गाण्याची विविधता बाहेरून आणावी लागत नाही. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी भारुडं लिहिली. त्यांत महार बोलतो, पोतराज बोलतो, गोंधळी, वासुदेव, जोशी, गारुडी, फकीर सगळे आपापल्या तोंडानं बोलतात. हिंदू आणि तुर्क यांचा संवादही त्यांनी रचला. तिकडं खुलदाबादला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यामुळं चिश्ती परंपरेतली समा, म्हणजे सूफींची भक्तिगायनाची मैफल, रुजली. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गातात, तीही लिपी नसलेल्या गोरमाटी बोलीत. आणि नामदेवांची गोष्ट तर फारच मोठी. हिंगोलीजवळची नर्सी हे त्यांचं गाव मानतात. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्या ग्रंथाची मांडणीच रागांप्रमाणे आहे. म्हणजे नर्सीच्या शिंप्याची रचना जवळच नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या कीर्तनपरंपरेत रागात बांधलेली आहे. आमच्या भागात संगीत शिकणाऱ्या किती मुलांना हे कुणी सांगितलं असेल?

पण विविधता होती म्हणून बरोबरी होती, असं नाही. गावगाड्यात वाद्य जातीला बांधलेलं होतं. हलगी मातंगांकडं, संबळ गोंधळ्यांकडं, दिमडी वाघ्याकडं, किंगरी डक्कलवारांकडं. डक्कलवार तर मातंगांच्याच दारी मागून खाणारे, त्यांचीच वंशकथा सांगणारे. लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणं आलं की हलगी घेऊन जायचं. बदल्यात बलुतं, नाहीतर पंगत उठल्यावर उरलेलं. वाजवणाऱ्याच्या हातात केवढी लय आहे हे गावाला कळत होतं, तरी देवळाच्या पायरीखालीच त्याची जागा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

इकडं असं चाललं असताना संगीताची 'शाळा' दुसरीकडं आकार घेत होती. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या ज्या परीक्षा आज तालुक्याच्या गावातली मुलंही देतात, त्या याच मंडळाच्या. विष्णु नारायण भातखंड्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या साच्यांत, बसवले, उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीसह छापल्या. या दोघांचं ऋण मोठं आहे. घराण्याच्या बंद खोलीतलं गाणं त्यांनी वर्गात आणलं, आणि मध्यमवर्गातल्या मुलींना चारचौघांत तंबोरा धरता आला. पण याच घडामोडीत एक रेघही पक्की झाली. रेघेच्या वर शास्त्र, खाली लोकरंजन. वरच्याला अभ्यासक्रम मिळाला, खालच्याची कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दहा मिनिटांवर बोळवण झाली.

मराठवाड्यात हे सगळं उशिरा पोचलं. आपण तेव्हा निजामाच्या संस्थानात होतो. १९१८ ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. जिथं मराठी शाळाच मोजक्या, तिथं संगीताचे वर्ग कुठले? नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांसारखे गुरू होते. त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर यांनी पुढं औरंगाबादला पिढ्या घडवल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, त्यानंतर हळूहळू जिल्ह्याच्या गावी पेटी-तबल्याचे क्लास दिसू लागले. अशा क्लासची फी, घरी सरावाला पेटी, परीक्षेच्या केंद्रावर जायचं भाडं, हे ज्याला परवडलं तो शिकला. दाराला कुलूप नव्हतं, तरी आत कोण येणार हे बरंचसं आधीच ठरलेलं होतं.

खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला जी वाट खरोखर मोकळी होती ती वारकऱ्यांची. हरिनाम सप्ताहात टाळ धरायचा, मग चाल शिकायची, हात चांगला असेल तर पखवाज. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर याच वाटेनं पखवाजाचे थोर वादक झाले आणि पद्मश्रीपर्यंत पोचले. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, १९१७ पासून, आमच्याकडची किती पोरं शिकून आली याला गणती नाही. मुलींसाठी मात्र ती वाट नव्हती.

जिथून बरोबरीची मागणी गाण्यातूनच आली, ती जागा म्हणजे आंबेडकरी जलसा. सत्यशोधकांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजसुधारणा भरली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तो साचा आंबेडकरी चळवळीसाठी वापरला. पुढं वामनदादा कर्डक आले. ते नाशिक जिल्ह्यातले, पण मराठवाड्यातल्या भीमनगरांनी त्यांना आपलंच मानलं. मुंबईत कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना लाज वाटली. तेव्हा ते तरणेताठे होते. मग अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरांपर्यंत आले. १९४३ ला पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ ला जाईपर्यंत हजारो लिहिली. ज्यांना कुणी गाणं शिकवलं नाही त्यांनी ही गाणी शिकवली, पाठ केली, लेकरांच्या तोंडी दिली. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं चाललेल्या लढ्यात घरं जळाली, माणसं गेली. ती सगळी वर्षं या गाण्यांनी वस्त्यांना धरून ठेवलं.

माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेबांना आणलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी उभ्या केलेल्या ओव्यांच्या संग्रहात त्या आहेत. एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह. जनाबाई गंगाखेडची. तिच्या दळण-कांडणापासून भीमनगरच्या जात्यापर्यंत ही एकच बोलती परंपरा आहे, असं मला मनापासून वाटतं.

याच चळवळीत एक अवघड प्रश्नही उभा राहिला, आणि तो आजही सुटलेला नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी गावकीची कामं टाकली. त्यात वाजवणंही सुटलं. वाद्य ही गुलामीची खूण, ती अंगावरून उतरवायची, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हलगी मोडणारा कलेचा वैरी नव्हता, तो माणूस म्हणून उभा राहत होता. त्याच वेळी त्या वाद्यात पिढ्यांची विद्या होती, तीही खरी. आज शहरातला कुणी हौशी कलावंत हलगी घेऊन मंचावर चढला की टाळ्या पडतात. ती वाजवायला नकार दिला म्हणून ज्याच्या घरावर गावानं बहिष्कार टाकला, त्याला त्या टाळ्या कशा ऐकू येत असतील? म्हणून लोकवाद्य अभ्यासक्रमात घ्या एवढं म्हणून भागत नाही. ज्याच्या घरात ते आहे त्याला शिकवणारा म्हणून मान आणि पगार मिळाला पाहिजे, आणि त्याच्या लेकराला ते न शिकण्याचीही मोकळीक पाहिजे.

बायकांच्या बाबतीत हाच पेच जास्त कडू आहे. जेजुरीसारखीच नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा वाघ्या-मुरळींच्या गाण्यांनी गाजते. मुरळीचं गाणं ऐकताना, देवाला मुलगी वाहण्याच्या प्रथेतून ते आलं हे विसरता येत नाही. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा २००५ चा. गाणं जपायचं, प्रथा नाही, हे वर्गात सांगणारा शिक्षक फार समजूतदार लागतो.

विद्यापीठांनी काही केलं नाही असं नाही. प्रभाकर मांडे यांनी औरंगाबादला आयुष्यभर लोकसाहित्य आणि लोककलावंत यांचा अभ्यास केला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचं नाव अभ्यासकांच्या ओठी आलं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. शाळेच्या पातळीवर, दहावीला शास्त्रीय कलांबरोबर लोककलांसाठीही वाढीव गुण मिळू लागले, हे पाऊल चांगलंच. फक्त शास्त्रीयच्या मुलाकडं परीक्षेचं प्रमाणपत्र तयार असतं. जत्रेत रात्रभर बापासोबत संबळ वाजवणाऱ्या पोराला त्या रात्रीचा कागद कोण देणार?

माझ्या त्या दोन वर्गमित्रांपैकी एकाचा मुलगा गेल्या वर्षी तबल्याच्या परीक्षेला बसला. अर्ज भरायला तो माझ्याकडं आला होता. नाव, जन्मतारीख, केंद्र सगळं लिहून झालं आणि शिक्षकाचं नाव लिहायच्या जागी तो थांबला. क्लासमध्ये जाऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लय त्याच्या हातात त्याआधी कितीतरी वर्षं होती. थोडा वेळ पेन तसंच धरून त्यानं क्लासच्या सरांचं नाव लिहिलं. बाप बाहेर ओट्यावर बसला होता.