किल्ली काढल्यानंतरचा प्रवाह

शुक्रवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठाकठीक उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेत नाही, किल्ली फिरवल्यावर बॉनेटखालून नुसता टक्‌-टक्‌ आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. पुण्यातील एका परिचित गृहस्थांच्या छोट्या पेट्रोल गाडीबाबत तो इतका नियमित झाला होता की दीड वर्षात त्यांनी दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तिसरीही सोमवारी सकाळी बसू लागली. दिवे बंद, दारे बंद आणि किल्ली घरात खुंटीला, मग बॅटरीतील वीज जाते कुठे, असे ते प्रत्येक वेळी विचारत आणि प्रत्येक वेळी ‘बॅटरी गेली, नवी टाका’ हेच उत्तर त्यांना मिळे. नळ गळतो म्हणून टाकी बदलण्यातला हा प्रकार होता.

अर्थात दुकानदार खोटे बोलत नव्हता. त्याच्या तपासणीयंत्रावर बॅटरी खरोखरच कमकुवत दिसत होती आणि त्याला कारण तिच्या रसायनात आहे. शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. तिची मूळ रासायनिक क्रिया आजही तीच आहे. गाडीच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात शिशाच्या आणि शिशाच्या डायॉक्साइडच्या प्लेटा सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात आणि प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्ट धरून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ ते १२.७ भरते. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलट फिरवणे. मात्र उतरलेल्या अवस्थेत बॅटरी बराच काळ राहिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व टणक होतात आणि पुढे चार्जिंग करूनही ते पूर्णपणे विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यामुळे दर आठवड्याला रिकामी होणारी नवी बॅटरीही काही महिन्यांत खरोखरच खराब होते आणि दुकानातले निदान स्वतःच खरे ठरत जाते.

किती वीज जाते हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, शंभर ते दोनशे अँपिअर प्रवाह खेचतो, पण तो केवळ सेकंद-दोन सेकंद. दीडशे अँपिअर दोन सेकंद वाहिले असे धरले, तर खर्च होतो ०.०८ अँपिअर-तासाच्या आसपास (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास), आणि अशा गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. आता या गृहस्थांच्या गाडीत पुढे जो प्रवाह मोजला गेला तो पाहा : ०.३८ अँपिअर. स्टार्टरच्या तुलनेत हा आकडा हास्यास्पद वाटतो, परंतु गाडी एकदा सुरू करायला लागते तेवढी वीज तो दर तेरा मिनिटांनी नेत होता, आणि तेही अहोरात्र. दिवसाला नऊ अँपिअर-तास या दराने शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ या साठ तासांत सुमारे २३ अँपिअर-तास जातात. उरलेल्या बारा-तेरा अँपिअर-तासांत दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, पण स्टार्टर फिरवण्याइतका जोर आधीच सल्फेट धरलेल्या बॅटरीत राहत नाही.

प्रवाह मुळीच नसावा अशी अपेक्षा मात्र करू नये. किल्ली काढल्यानंतरही घड्याळ चालते, रिमोटचा इशारा ऐकणारा रिसीव्हर जागा असतो, चोरीविरोधी अलार्म पहारा देतो आणि इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक आपली स्मृती राखून असतो. या सर्वांचा मिळून २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह आजच्या गाडीत स्वाभाविक मानला जातो. तोही फुकट नसतो. पन्नास मिलिअँपिअरने तीन आठवड्यांत पंचवीस अँपिअर-तास खर्च होतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर आठवडेच्या आठवडे जागची न हललेल्या कित्येक निर्दोष गाड्या पुढे सुरू झाल्या नाहीत, त्यामागे हाच हिशेब होता. म्हणून तीन आठवड्यांनी बसणारी बॅटरी आणि तीन दिवसांनी बसणारी बॅटरी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि शोधाशोध करण्यासारखी दुसरीच आहे.

शोध सुरू करण्यापूर्वी बॅटरी स्वतःच दोषी नाही ना, हे ठरवून घ्यावे लागते. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरावी, काही तास तशीच ठेवून पृष्ठभागावरचा क्षणिक चार्ज ओसरू द्यावा, व्होल्टेज टिपून घ्यावे आणि ऋण टर्मिनल सोडवून गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवावी. बारा व्होल्टच्या बॅटरीत बारा व्होल्ट दिसले म्हणजे ती भरलेली आहे, हा समज फार पसरलेला आहे, प्रत्यक्षात १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. टर्मिनल सुटे असतानाही व्होल्टेज ठळकपणे घसरले, तर गाडी निर्दोष आहे. प्रत्येक बॅटरी आपोआप थोडी उतरतच असते. हा वेग तापमानाच्या दर दहा अंश वाढीमागे साधारण दुप्पट होतो, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीला तो अधिक भोवतो. तरीही चांगली बॅटरी दोन-तीन दिवसांत त्याने रिकामी होत नाही. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात की नाही, हेही याच वेळी पाहावे. कारण आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, पुरेसे भरतच नसेल किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच फिरत असेल, तर उभ्या गाडीला दोष देण्यात अर्थ नाही.

यानंतर खरी मोजणी येते. ऋण टर्मिनलची क्लिप काढून बॅटरीचा खांब आणि ती क्लिप यांच्या मध्ये मल्टिमीटर, म्हणजे प्रवाह आणि व्होल्टेज मोजणारा मीटर, जोडायचा, म्हणजे गाडीत जाणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन मीटरमधून जाईल. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मीटरही पुरतो, मात्र त्याची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात असली पाहिजे. बारीक आकडे दिसावेत म्हणून मिलिअँपिअरचे सॉकेट वापरण्याचा मोह होतो. एखादे दार उघडले की काही अँपिअरचा लोंढा येतो आणि मीटरचा आतला फ्यूज उडतो. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवणे तर सर्वथा निषिद्ध. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांतही बारा व्होल्टची बॅटरी असते, पण तेथील नारिंगी वेष्टनाच्या वायरींना हात लावू नये. त्या जीवघेण्या व्होल्टेजच्या असतात.

मीटर जोडल्याबरोबर दिसणारा आकडा जवळजवळ नेहमीच फसवा असतो, आणि घरगुती तपास येथेच सर्वाधिक चुकतात. पूर्वीच्या गाडीत स्विच बंद म्हणजे बंद होते. आजच्या गाडीत अनेक छोटे संगणक एका सामाईक वायरजोडीवर परस्परांशी बोलत असतात, गाडी बंद झाल्यावर ते एकेक करून झोपी जातात आणि सगळ्यांना झोप लागायला काही मिनिटांपासून अर्धा-पाऊण तास लागू शकतो. तोपर्यंत प्रवाह अँपिअरच्या घरात असू शकतो. बॅटरीची क्लिप काढून पुन्हा जोडली की सगळे पुन्हा जागे होतात, दार उघडले की जागे होतात, काही गाड्यांत रिमोट किल्ली खिशात घेऊन नुसते जवळ उभे राहिले तरी जागे होतात. थोडक्यात, पाहणाऱ्याच्या चाहुलीने दृश्य बदलते. म्हणून जाणकार वायरमन मीटर जोडण्याआधी एक जाड जोडवायर खांब आणि क्लिप यांच्यात लावून ठेवतो, जेणेकरून पुरवठा क्षणभरही तुटणार नाही; काच खाली घेतो, दार उघडेच ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलतो म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटते; किल्ली दूर ठेवतो आणि चहा प्यायला जातो. आळस वाटावा असा हा चहा त्या तपासाचा अत्यावश्यक भाग आहे. परत आल्यावर जोडवायर काढायची आणि मग आकडा वाचायचा.

आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर गाडी त्या घटकेला तरी निर्दोष ठरते. घटकेला असे म्हणण्याचे कारण, काही दोष अधूनमधून उठतात. एखादा संगणक दर दहा मिनिटांनी मिनिटभर जागा होऊन दोन अँपिअर खात असेल, तर सरासरी प्रवाह ०.२ अँपिअर होतो आणि दिवसाला जवळपास पाच अँपिअर-तास जातात, पण मीटरकडे चुकीच्या क्षणी पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. अशा वेळी मीटरसमोर मोबाइल उभा करून तासाभराचे चित्रीकरण करावे. महागड्या नोंदयंत्राचे काम ते बऱ्यापैकी करते.

आकडा मोठा असेल तर तो कोणत्या शाखेतून जातो हे शोधायचे. एकेक फ्यूज उपसत जायचे आणि कोणत्या फ्यूजला आकडा पडतो ते पाहायचे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत. ती जुन्या गाडीत उत्तम चालते. नव्या गाडीत मात्र फ्यूज काढल्याने एखादा बिघडलेला, झोप न लागणारा संगणक पुन्हा नव्याने सुरू होतो आणि नंतर शहाण्यासारखा झोपतो. दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांनी परत येतो. त्यापेक्षा फ्यूजला न हलवता त्याच्याकडूनच माहिती काढणे श्रेयस्कर. फ्यूज म्हणजे धातूची एक बारीक पट्टी. तिला थोडा का होईना रोध असतोच, आणि प्रवाह वाहत असेल तर ओहमच्या नियमानुसार तिच्या दोन टोकांत त्या प्रमाणात व्होल्टेजचा फरक पडतो. पात्याच्या आकाराच्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन उघडे ठिपके असतात ते याच कामी येतात. दहा अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण सात-आठ मिलिओहम असतो, म्हणून तेथे १ मिलिव्होल्ट दिसला तर सुमारे १३० मिलिअँपिअर वाहत आहेत असे समजावे. झोपलेल्या गाडीत बहुतेक फ्यूजांवर शून्य किंवा नगण्य आकडा येतो. जेथे तो उठून दिसतो ती शाखा पकडायची. हे करताना बॅटरीचे टर्मिनलही सोडवावे लागत नाही, ही तर मोठीच सोय.

शाखा सापडल्यावर उरते ते साधे. डिकीतला पाच वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला तर ०.४ अँपिअर खातो. आत मोबाइल चित्रीकरण चालू करून ठेवला की तो पकडला जातो. ब्रेक पेडलमागच्या स्विचचे प्लॅस्टिक गळून पडले तर मागचे दिवे रात्रभर पेटलेले राहतात. संपर्क चिकटलेला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) हाताला किंचित कोमट लागतो. पण सर्वांत मोठा संशयित नंतर बाजारातून बसवलेले सामान हाच असतो : डॅशकॅम, अलार्म, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम.

कधी कधी फ्यूज बॉक्समधल्या सगळ्या फ्यूजांवर शून्य येते आणि मुख्य मीटरवरचा आकडा मात्र हलत नाही. याचा अर्थ प्रवाह फ्यूज बॉक्सला वळसा घालून जात आहे. अशा वेळी पहिला विचार आल्टरनेटरचा करतात. त्यात निर्माण होणारा उलटसुलट प्रवाह एकदिश करण्यासाठी डायोड असतात आणि गाडी उभी असताना बॅटरीची वीज आल्टरनेटरच्या गुंडाळ्यांत परत शिरू न देण्याचे कामही तेच करतात. त्यांतला एखादा गळू लागला, तर तो खर्च आतल्या फ्यूजांवर दिसत नाही. बॅटरीची ऋण क्लिप काढून आल्टरनेटरची जाड वायर सोडवावी, तिचे टोक नीट गुंडाळून ठेवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा पडला तर चोर सापडला.

त्या गृहस्थांच्या गाडीत नेमके असेच झाले होते : फ्यूज बॉक्स शांत, मीटरवर ०.३८. आल्टरनेटरची वायर सोडवूनही आकडा तसाच राहिला. मग बॅटरीच्या धन खांबावरून निघालेली आणखी एक लाल वायर लक्षात आली, जी कारखान्यातली नव्हती. ती स्वतंत्र फ्यूजमधून पुढच्या सीटखालच्या अॅम्प्लिफायरकडे जात होती आणि त्या ३० अँपिअरच्या फ्यूजवर अर्ध्या मिलिव्होल्टहून थोडा जास्त फरक दिसत होता. म्युझिक सिस्टिमला दोन पुरवठे लागतात : स्मृतीसाठी कायमचा पिवळा आणि किल्लीबरोबर चालू-बंद होणारा लाल. बसवणाऱ्याने किल्लीशिवायही गाणी ऐकता यावीत म्हणून दोन्ही वायरी कायमच्या पुरवठ्यावर एकत्र पिळल्या होत्या. परिणामी म्युझिक सिस्टिम समोरून बंद दिसे, पण अॅम्प्लिफायरला ‘जागा राहा’ असे सांगणारी निळी वायर कधीच बंद पडत नसे. लाल वायर किल्लीच्या पुरवठ्यावर नेल्यावर आणि गाडीला पुन्हा पाऊण तास झोपू दिल्यावर मीटरवर ०.०३ आले. या गतीने त्यांची बॅटरी निम्मी व्हायला चोवीस दिवस लागतील.