नागपूरची दोन पत्रं आणि खांडव्याचा कुमुदलाल

मुलगा कुमुदलाल, म्हणजे पुढे गाजलेला अशोककुमार, सिनेमात नट झाल्याचं कळलं तेव्हा खांडव्याचे वकील कुंजलाल गांगुली यांनी आधी नागपूर गाठलं. रविशंकर शुक्ल हे त्यांचे कॉलेजातले जुने मित्र. त्यांच्यापुढे घरची अडचण मांडून, पोरासाठी दोन सरकारी नोकऱ्यांची पत्रं खिशात घालून ते मुंबईला निघाले. मुंबईत बॉम्बे टॉकीजचे मालक हिमांशु राय त्यांना बाजूला घेऊन गेले आणि दोघं बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर वडील मुलाला म्हणाले की राहा इथेच. नागपूरच्या पत्रांचं काम तिथेच संपलं.

हा किस्सा अशोककुमारच्या आठवणींमधला म्हणून सांगितला जातो. त्यात शुक्ल ‘मुख्यमंत्री’ असतात, आणि तिथे नागपूरच्या माणसाचे कान टवकारतात. अशोककुमार पडद्यावर आला १९३६ मध्ये. प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं १९३७ मध्ये आणि त्याचे प्रमुख होते डॉ. ना. भा. खरे. शुक्ल त्या मंत्रिमंडळात मंत्री होते, प्रमुखपद त्यांच्याकडे आलं ते १९३८ मध्ये. म्हणजे एक तर वडिलांची ही फेरी पोरगा नावाजल्यावरची असेल, नाही तर पुढे मोठ्या झालेल्या माणसाला आठवणीत आधीपासूनच मोठी खुर्ची मिळाली असेल. मला दुसरी शक्यता जास्त पटते. पण तारखा सोडल्या तर गोष्टीत खोट काढण्यासारखं काही नाही. खांडव्याच्या वकिलाने पोराच्या नोकरीसाठी नागपूरला येणं ही त्या काळातली अगदी सरळ वाट होती.

आज नकाशा पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं. खांडवा मध्य प्रदेशात, नागपूर महाराष्ट्रात. पण तेव्हा दोन्ही सीपी अँड बेरारमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होती. खांडवा हे निमाड जिल्ह्याचं ठिकाण आणि नागपूर ही राजधानी. सचिवालय इथे, विद्यापीठ इथे आणि १९३६ च्या जानेवारीपासून हायकोर्टही इथे. निमाडातल्या वकिलाचं अपील शेवटी नागपुरात यायचं. १९५६ मध्ये राज्यं नव्याने आखली गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि आपलं नागपूर मुंबई राज्यात आलं. सिनेमाच्या धंद्याने मात्र ही फाळणी कधी मनावर घेतली नाही. वितरकांच्या भाषेत हा टापू अजूनही ‘सीपी-बेरार’च आहे.

तर त्या प्रांतातला हा पोरगा. नाव कुमुदलाल. जन्म १३ ऑक्टोबर १९११ चा, भागलपूरचा, म्हणजे आजोळचा. वाढला खांडव्यात. वडिलांची इच्छा एकच, की पोराने काळा कोट घालावा. कायदा शिकायला त्याला कलकत्त्याला पाठवलंही. तिथे परीक्षेत घसरगुंडी झाली आणि घरची बोलणी टाळायला तो मुंबईला बहिणीकडे येऊन राहिला. बहीण सतीदेवी, तिचे यजमान शशधर मुखर्जी. मुखर्जी बॉम्बे टॉकीजमध्ये होते. मेहुण्याला त्यांनी स्टुडिओच्या लॅबोरेटरीत चिकटवून दिलं. फिल्म धुणं, सुकवणं, तपासणं. पोरगा तिथे खूश होता. त्याला कॅमेऱ्याच्या मागचंच काम हवं होतं.

बॉम्बे टॉकीज म्हणजे मालाडमधला स्टुडिओ, १९३४ चा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग हे दोघंही जर्मन. हिमांशु रायांची पत्नी देविका राणी तिथली नायिका. ‘जीवन नैया’ सुरू असताना ती नायक नज्मुल हसनबरोबर निघून गेली. मुखर्जींनी मध्यस्थी करून तिला परत आणलं. नायकाला मात्र परतीचा दरवाजा बंद झाला. आता नवा नायक कुठून आणायचा? रायांची नजर लॅबमधल्या पोरावर गेली. ऑस्टेनसाहेबांनी त्याचा जबडा पाहून नाक मुरडलं. राय हटले नाहीत. कुमुदलालचा अशोककुमार झाला आणि पहिल्याच सिनेमात त्याला मालकाच्या बायकोशी प्रेम करायचं होतं. हातांचं काय करायचं हे त्याला कळत नसे, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. तो सिनेमा आज पाहिला तर त्याचं अवघडलेपण लपत नाही.

त्याच वर्षी आलेला ‘अछूत कन्या’ मात्र नागपुरात बसून पाहताना वेगळा दिसतो. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य गेटमनची मुलगी कस्तुरी आणि गावातल्या ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप. दुकानदाराला साप चावतो तेव्हा गेटमन तोंडाने विष ओढून त्याला वाचवतो आणि दोन्ही घरं जवळ येतात. पोरांचं प्रेम मात्र गावाला चालत नाही. शेवटी कस्तुरी रेल्वेखाली जाते आणि तिचं देऊळ होतं. सिनेमा गाजला, त्यातलं ‘मैं बन की चिड़िया’ अशोककुमार आणि देविका राणी यांनी स्वतः गायलं, संगीत सरस्वतीदेवींचं. त्या काळी हा विषय पडद्यावर आणायला धाडस लागलं, ते मान्यच. पण याच नागपुरात १९३० मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद झाली होती. आणि १९४२ च्या जुलैत इथेच दलित वर्गाच्या महिलांची परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या मंडपात बसलेल्या बायका शिक्षणाचे, लग्नाचे, कायद्यातल्या हक्कांचे ठराव करत होत्या. कुणी रुळावर जाऊन देवी व्हायच्या तयारीत नव्हती. सिनेमा दयेपर्यंत आला होता, नागपूर त्याच्या बरंच पुढे होतं.

अशोककुमार नट कसा झाला याचं उत्तर मला १९३९ ते १९४३ या चार वर्षांत दिसतं. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या तिन्ही सिनेमांत त्याच्यासमोर होती लीला चिटणीस, मराठी रंगभूमीवरून आलेली पदवीधर नटी. डोळ्यांनी बोलायला आपण तिच्याकडून शिकलो, ही कबुली त्याने दिली होती. त्या काळचे बहुतेक नट रंगभूमीची सवय घेऊन यायचे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून आवाज चढलेला आणि हात पसरलेले. अशोककुमारकडे रंगभूमीच नव्हती, त्यामुळे विसरण्यासारखंही काही नव्हतं. शिवाय पडद्यावर काय दिसतं आणि काय उगाच दिसतं हे त्याने लॅबमध्ये फूट-फूट फिल्म पाहून ठरवलेलं. आमचे थोरले काका कोर्टात टायपिस्ट होते, त्यांचं मत सोपं होतं. ‘तो बोलत नाही बाप्पा, समोरच्याचं ऐकते. वकिलाचा पोरगा आहे ना.’ काकांची ही समीक्षा मला अजून खोडता आलेली नाही. त्याचा कुठलाही जुना सिनेमा लावा आणि दुसरा नट बोलत असताना याच्याकडे बघा. पापणी, ओठाचा कोपरा, सिगारेट धरलेली दोन बोटं. काम तिथे चाललेलं असतं.

‘किस्मत’ (१९४३) मध्ये हे सगळं जमून आलं. नायक पाकीटमार, तोंडात सिगारेट, चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. सभ्य घरातल्या प्रेक्षकांना हा चोर आवडला याचंच तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. चले जाव आंदोलनाच्या पाठोपाठ आलेल्या या सिनेमात कवी प्रदीप यांचं ‘दूर हटो ऐ दुनियावालों, हिंदुस्तान हमारा है’ हे गाणं आहे. त्यात ‘जर्मन हो या जापानी’ अशी ओळ घालून ठेवली, म्हणजे इंग्रज सेन्सॉरला गाणं युद्धात आपल्याच बाजूचं वाटावं. ऐकणाऱ्यांना ते कुणाला उद्देशून आहे ते बरोबर कळत होतं. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा सिनेमा तीन वर्षांवर चालला. तो विक्रम पुढे ‘शोले’ने मोडला.

१९४० मध्ये हिमांशु राय गेले आणि कंपनीत दोन तट पडले. मुखर्जी, अशोककुमार आणि मंडळींनी बाहेर पडून फिल्मिस्तान काढली. काही वर्षांनी अशोककुमार बॉम्बे टॉकीज सावरायला परत आला. कंपनी शेवटी बुडालीच, पण बुडता बुडता तिने बरंच देऊन ठेवलं. ‘जिद्दी’ने (१९४८) देव आनंदला उभं केलं, आणि त्याच सिनेमात धाकट्या भावाने, आभासने, म्हणजे किशोरकुमारने, पहिलं गाणं गायलं. ‘महल’मधून (१९४९) कमाल अमरोही दिग्दर्शक झाले, मधुबाला घराघरांत पोचली आणि ‘आएगा आनेवाला’ने लता मंगेशकरांचं नाव झालं. (आमच्याकडे या सिनेमाचं नाव घेतलं की कुणी तरी हमखास विचारतो, ‘महालात शूटिंग झालं होतं का?’ महाल हा नागपूरचा जुना भाग. नाही झालं.) छायाचित्रण त्याच विर्शिंगचं. ‘अछूत कन्या’, ‘महल’ आणि ‘पाकीज़ा’ या तिन्ही सिनेमांत कॅमेऱ्याच्या मागे विर्शिंग आणि पुढे अशोककुमार आहेत. ‘पाकीज़ा’ १९७२ मध्ये लागला तेव्हा विर्शिंगला जाऊन पाच वर्षं झाली होती.

पन्नाशीच्या दशकात दिलीप, राज, देव ही नावं वर आली. नायकपण सुटताना भलेभले नट कडवट होतात. अशोककुमारने ते असं सोडलं की जणू अंगावरचा कोट उतरवून खुंटीला टांगला. ‘परिणीता’ स्वतः निर्मिती करून बिमल रॉय यांच्या हाती दिला. ‘चलती का नाम गाडी’त किशोर आणि अनूप या दोघा भावांना सोबत घेऊन गॅरेजमध्ये धुमाकूळ घातला. १९६० च्या ‘कानून’मध्ये तो न्यायाधीश आहे. सिनेमाभर एकही गाणं नाही आणि तरी माणूस खुर्चीतून उठत नाही. कायद्याच्या परीक्षेत घसरून पळालेला पोरगा पंचवीसेक वर्षांनी न्यायासनावर बसला होता. हे पाहून कुंजलालबाबूंना काय वाटलं असतं! ‘बंदिनी’, ‘गुमराह’, ‘ममता’, ‘ज्वेल थीफ’ ही पुढची यादी सगळ्यांना पाठ आहे. ‘छोटी सी बात’मधला खंडाळ्याचा कर्नल माझा विशेष लाडका. अमोल पालेकरच्या बुजऱ्या कारकुनाला तो टेबल टेनिस आणि चिनी काड्यांनी खाणं इतक्या गंभीरपणे शिकवतो की जणू सैन्यात भरती चालली आहे.

सत्कार, पुरस्कार वेळच्या वेळी आले. १९६२ मध्ये पद्मश्री, १९८८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९९९ मध्ये पद्मभूषण. चेंबूरच्या घरी तो चित्रं काढायचा आणि होमिओपॅथीच्या साबुदाणा गोळ्या वाटायचा. त्याच्या औषधांवर लोकांचा विश्वास होता म्हणे. माझा अभिनयावर आहे.

आमच्या पिढीला तो ‘दादामुनी’ म्हणूनच माहीत. १९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. त्यांच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली असायची आणि चपलांचा ढीग पार फाटकापर्यंत. भाग संपला की चष्मा लावलेला एक आजोबा पडद्यावर यायचा, बडकी, छुटकी, लल्लूचं काय चुकलं ते समजावून सांगायचा आणि ‘छन्न पकैया’ म्हणून निरोप घ्यायचा. हा कधी काळी पाकीटमार होता आणि देशभराच्या पोरी त्याच्यावर फिदा होत्या, हे आईने सांगितलं तेव्हा आम्ही हसलो होतो.

१३ ऑक्टोबर १९८७ ला, त्याच्या ७६ व्या वाढदिवशी, किशोर गेला. ‘जीवन नैया’त थोरल्याने गायलेलं ‘कोई हमदम ना रहा’ धाकट्याने ‘झुमरू’त पुन्हा गायलं होतं. थोरल्याने त्यानंतर आपला वाढदिवस साजरा केला नाही. १० डिसेंबर २००१ ला तोही गेला.

किशोर खांडव्याचं नाव जिथे-तिथे मिरवायचा. अशोककुमारने तसं कधी केलं नाही. पण १९६८ च्या ‘आशीर्वाद’मध्ये त्याने पोरांना गोळा करून रेलगाडीचं गाणं म्हटलंय. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे, संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आवाज त्याचा स्वतःचा. याच सिनेमासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यात श्वास न घेता तो स्टेशनांच्या जोड्या म्हणत सुटतो, आणि त्यात एक जोडी येते, ‘मांडवा-खांडवा’. तेवढंच एक गाव तो स्वतःचं म्हणून म्हणत असेल का, ते चेहऱ्यावरून कळत नाही. पुढचं स्टेशन लगेच येतं. रेडिओवर हे गाणं लागलं की आम्ही भावंडं एकामागे एक सदरा धरून अंगणात गाडी करायचो, आणि खांडवा गेलं रे गेलं की मोठ्याने ‘नागपूर-चंद्रपूर’ घुसडायचो. तालात बसायचं नाही, डबे घसरायचे, इंजिन शिव्या घालायचं. गाडी मात्र नागपूरला थांबवायचोच.