हो फेंग-शान म्हणजे ‘चीनचे सुगिहारा’ नव्हेत

‘चिनी राजदूताने व्हिसा देऊन ज्यूंना शांघायमध्ये प्रवेश मिळवून दिला.’ नाझी काळातल्या हो फेंग-शान यांच्याबद्दल हे वाक्य, आणि जोडीला ‘चीनचे सुगिहारा’ हे बिरुद, किती वेळा वाचावं लागणार? राजदूत होते बर्लिनचे चेन जिए, आणि त्यांनी तर व्हिसा थांबवायचा हुकूम दिला होता; चीनला जर्मनीशी बिघडवायचं नव्हतं. हुकूम न जुमानणारे हो फेंग-शान व्हिएन्नातले कॉन्सुल जनरल, म्हणजे तिथल्या चिनी कॉन्सुलेटचे (वाणिज्य दूतावासाचे) प्रमुख. (आडनाव ‘हो’. ‘श्री. शान’ लिहू नका, कृपा करून.)

ज्यूंना व्हिसा देणारे जपानी अधिकारी सुगिहारा तुम्हाला ठाऊक आहेतच: १९४०, लिथुआनियातलं कौनास, दोन हजारांहून जास्त व्हिसा, सैबेरियातून रेल्वे, मग बोटीने जपान. त्यांचा व्हिसा वाटेतला होता. शेवटचा मुक्काम म्हणून कागदावर बहुतेकांच्या कॅरिबियनमधलं क्युरासाव बेट असे, आणि जपानमध्ये उतरायला हा व्हिसा खरोखरच लागायचा. यातले बरेच जण १९४१ मध्ये शांघायला जाऊन पोचले, म्हणूनही घोळ वाढतो.

हो यांचा व्हिसा शांघायचा. पण शांघायच्या धक्क्यावर उतरायला व्हिसा लागतच नव्हता! १९३७ मध्ये जपान्यांनी शहराचा चिनी भाग घेतला आणि बंदरावर पासपोर्ट बघणारं चिनी सरकारच उरलं नाही. मग लोक तासन्‌तास रांगा का लावत होते? कागद हवा होता व्हिएन्ना सोडताना. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेल्यावर ज्यूंनी निघून जावं असं नाझींनाच वाटत होतं, पण ‘जाणार कुठे?’ याचा पुरावा दाखवावा लागे. असा पुरावा असला तर डाखाउच्या नाझी छळछावणीतूनही सुटका होऊ शके. हे ओळखून हो यांनी मुद्दाम शांघाय हे नाव निवडलं.

सतरा वर्षांचा एक मुलगा पन्नासेक कॉन्सुलेटांचे उंबरे झिजवून चिनी कॉन्सुलेटात आला आणि जुलै १९३८ मध्ये घरच्यांसाठी वीस व्हिसा घेऊन गेला. नोव्हेंबरमध्ये नाझींनी ज्यूंवर हल्ले केले त्या ‘क्रिस्टालनाख्ट’च्या धरपकडीत तो आणि त्याचे वडील दोघेही पकडले गेले. व्हिसा होता म्हणून काही दिवसांत सुटले आणि बोटीने शांघायला गेले.

हा व्हिसा घेतलेले काही जण पॅलेस्टाइनला, काही फिलिपिन्सला गेले; शांघाय त्यांनी पाहिलंही नाही. म्हणून ‘शांघायला पोचलेले तेवढेच वाचवलेले’ हा हिशेब मला मुळीच मान्य नाही. २७ ऑक्टोबर १९३८ च्या एका व्हिसावर क्रमांक आहे १९०६, आणि हो व्हिएन्नात मे १९४० पर्यंत होते; एकूण व्हिसा किती असतील, याचा अंदाज यावरून करा.

दोघांनाही याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-हत्याकांड स्मारक संस्थेने गौरवलं: सुगिहारांना १९८४ मध्ये, हयात असताना, हो यांना २००० मध्ये, मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आणि ‘चीन’ म्हणजे इथे आजचं बीजिंग नव्हे. हो अखेरपर्यंत चीन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे पुढे तैवानच्या सेवेत राहिले. इजिप्त, मेक्सिको, बोलिव्हिया, कोलंबिया इथे राजदूत होऊन १९७३ मध्ये निवृत्त झाले. त्या सरकारने त्यांना पेन्शनसुद्धा दिलं नाही.