अल्पवयीन मुलाने गाडी ठोकली: दंड वेगळा, भरपाई वेगळी

बारावीतलं पोरगं ट्यूशनला ॲक्टिव्हा घेऊन निघालं आणि वर्धा रोडवर कुणाला धडक दिली, तर आईवडिलांवर दोन स्वतंत्र प्रकरणं येतात. पहिलं फौजदारी, म्हणजे पालकाला शिक्षा करायची का. दुसरं जखमी माणसाच्या भरपाईचं. बहुतेक घरांत ही दोन्ही एकच समजतात. 'पंचवीस हजार भरले की सुटलो' हा समज त्यातूनच येतो.

आधी शिक्षेचं पाहू. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'किंवा मालक' हे शब्द नीट वाचा. भाच्याच्या हाती चाबी देणारा, आरसीवर नाव असलेला मामाही यात सापडतो. शिवाय हे प्रकरण चौकात चलान भरून मिटत नाही, कोर्टातच जातं.

सोळाव्या वर्षी लायसन्स निघतं हे खरं, पण ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. ॲक्टिव्हा 109 सीसीच्या आसपास आहे, म्हणून ते लायसन्स तिला चालत नाही. ताशी 25 किमीपर्यंतच्या, 250 वॉटच्या आतल्या हलक्या ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही; मात्र दुकानातून तिचा वेग वाढवून घेतला की ती सवलत गेली.

भरपाईचा हिशेब निराळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो आणि दावा चालक, मालक व विमा कंपनी यांच्यावर असतो. तिथे पालक फक्त आईबाप म्हणून देणेकरी होत नाहीत. गाडी त्यांच्या नावावर असते किंवा त्यांनी ती बेफिकिरीने हाती दिलेली असते, म्हणून होतात. रकमेला वरची मर्यादा नाही. कुणाची चूक हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाख मागता येतात. 'थर्ड पार्टी विमा आहे ना' हा भरवसाही अर्धाच. लायसन्स नसलेल्या चालकाच्या बाबतीत न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही वसुली मालकाच्या मिळकतीवर येऊ शकते.

खरा फरक पुराव्याच्या ओझ्यात आहे. 199अ मध्ये मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली असं गृहीत धरतात. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने दाखवायचं. चाबी कुलपात होती का, पोरगं याआधीही गाडी नेत होतं का, शेजारी काय सांगतात, यावर सारं ठरतं. विम्याच्या बाबतीत उलट आहे: मालकाने निष्काळजीपणा केला हे कंपनीने सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वरणसिंग प्रकरणात सांगितलं. दोन्ही प्रकरणं अशी वेगवेगळी ठरतात, म्हणून फौजदारीत सुटलेला माणूस भरपाईत अडकू शकतो, आणि लवकर मोकळं व्हायला फौजदारीत दिलेली कबुली भरपाईत त्याच्याच विरोधात वाचली जाऊ शकते.

गाडी नसेल तर 199अ लागू नाही. मुलाच्या चेंडूने शेजाऱ्याच्या कारची काच फुटली, तर पालकाची स्वतःची हयगय दाखवावी लागते. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. संक्रांतीत नायलॉन मांजाने कुणाचा गळा चिरला तर चक्री कुणी आणून दिली हा प्रश्न आधी येईल. त्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे.

अपघातानंतर घरात सर्वांत घातक सल्ला मिळतो तो 'गाडी बाबा चालवत होते असं सांगा' हा. कॅमेऱ्यात दिसतं, मोबाइलच्या ठिकाणावरून कळतं आणि खोटी माहिती दिल्याचा नवा गुन्हा अंगावर येतो. खरं नाव सांगा, विमा कंपनीला लगेच लेखी कळवा, आरसी, पॉलिसी आणि मुलाच्या वयाचा दाखला जपून ठेवा, आणि दोन्ही प्रकरणांत काय म्हणायचं ते एकाच वकिलाशी आधी बोलून ठरवा.