युतीतला धाकटा भाऊ

युती सरकारात जो छोटा पक्ष असतो (आपल्याकडे सेना-भाजपमुळे 'मोठा भाऊ, धाकटा भाऊ' हे शब्द रुळलेत) त्याची मतं पुढच्या निवडणुकीत बहुतेक वेळा घटतात. सत्तेचा फटका मोठ्यालाही बसतो, पण धाकट्याला जास्त, कारण सरकारचा चेहरा पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री असतो, चांगलं झालं की हार त्याच्या गळ्यात, आणि तडजोड केली की धाकट्याचेच मतदार म्हणतात विकले गेले.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट्सचं. २०१० ला २३ टक्के मतं आणि ५७ जागा घेऊन त्यांचे नेते निक क्लेग उपपंतप्रधान झाले, मोठ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कॅमेरून पंतप्रधान. निवडणुकीआधी या लोकांनी कॉलेजची फी वाढू देणार नाही असं चक्क सह्या करून लिहून दिलेलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात फीची मर्यादा ९,००० पाउंडांवर नेणाऱ्या ठरावावर पक्षाचे खासदारच फुटले, क्लेगनी स्वतः बाजूने मत दिलं. २०१२ मधे त्यांनी माफी मागितली तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. गंमत म्हणजे १०,००० पाउंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करायचं हे त्यांच्याच जाहीरनाम्यातलं, ते झालंही, पण श्रेय कॅमेरूननी खाल्लं. २०१५ ला उरल्या ८ जागा, आणि त्यांच्या २७ जागा घेतल्या कोणी तर मित्रपक्षानेच!

बाकीकडेही तेच. जर्मनीत एफडीपी हा धाकटा पक्ष २००९ ला १४.६ टक्के मतांवर, चार वर्षांनी ४.८ आणि थेट संसदेबाहेर (तिथे आत यायला साधारण ५ टक्के लागतात). आयर्लंडची लेबर पार्टी, तिथली धाकटी, २०११ ला ३७ जागांवर होती, २०१६ ला ७.

मग धाकटा सरकारात राहून विरोधकासारखं वागायला बघतो. २०१४ नंतर शिवसेनेने तेच केलं, मंत्रीपदंही आणि राजीनामे खिशात असल्याची भाषाही. २०१९ ला विधानसभेत ती ६३ जागांवरून ५६ वर आली, पण २०१४ ला ती स्वबळावर लढलेली आणि २०१९ ला युतीत कमी जागा वाट्याला आल्या, त्यामुळे ही तुलना तशी सरळ नाही. १९९५ ला हाच पक्ष ७३ जागांचा मोठा भाऊ होता आणि भाजप ६५ वर, म्हणजे धाकटा कायम धाकटाच राहतो असंही नाही, फक्त त्यासाठी स्वतःचा चेहरा आणि गावोगावी स्वतःची माणसं लागतात, जी क्लेगकडे पुरेशी नव्हती.